रात्री अकरालाही छत गरमच! वरच्या मजल्याबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल आहेत, जुनं घर, वरचा मजला आणि उन्हाळा. त्यामुळे ओल, वाळवी, गळके नळ वगैरे मंडळी पुढच्या अंकात घेते, आज फक्त हाच विषय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा आपलं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचं घर जुनं आहे, आजोबांच्या वेळचं. खाली दिवसभर छान गार असतं पण वरच्या दोन खोल्यांमध्ये संध्याकाळनंतर बसवत नाही. गंमत म्हणजे दुपारी दोनला जेवढं वाटत नाही तेवढं रात्री दहा-अकराला वाटतं, बाहेर मस्त वारा सुटलेला असतो आणि आत पंख्याखाली घामाच्या धारा. सगळे म्हणतात गरम हवा वर जाते म्हणून असं होतं. मग काय, एसीच घ्यायचा का?

उत्तर : गरम हवा वर जाते हे खरंच आहे, जिन्यातून खालची ऊब वर येतेच, पण तुम्ही जे रात्रीचं लिहिलंय ना त्यावरून तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. एक करून बघा. रात्री दहाच्या सुमारास पंखा बंद करून स्टुलावर उभं राहा आणि छताला तळहात लावा, मग त्याच खोलीतल्या आतल्या बाजूच्या भिंतीला लावा. छत कोमट-गरम आणि भिंत त्यामानाने गार लागली तर समजा की खोली हवेने नाही, छताने तापतेय. हात नाही पोचला तर नुसतं पंखा बंद करून पलंगावर उताणं पडा, चेहऱ्यावर वरून धग येते ती कळते.

होतं असं की भर उन्हाळ्यात स्वच्छ आकाश असेल तर दुपारी दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन पडतं. दहा बाय बाराच्या खोलीवर साधारण ११ चौरस मीटर गच्ची असते म्हणजे ११ किलोवॅट, आणि हे डोक्यावरून सरळ येतं, भिंतींवर तिरकं पडतं तसं नाही. काळवंडलेली गच्ची त्यातलं बरंचसं पिऊन टाकते, पृष्ठभाग ६५ अंशांच्या वर जाऊ शकतो. पण सहा इंची स्लॅबमधून ही उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात, शिवाय एवढं जड काँक्रीट एकदा तापलं की गॅस बंद केल्यावरच्या तव्यासारखं लवकर निवत नाही. म्हणून दुपारी दोनचं ऊन तुम्हाला संध्याकाळी सात वाजता भेटतं आणि मध्यरात्रीपर्यंत सोबत करतं. खालच्या मजल्याच्या डोक्यावर तुमचा मजला आहे, त्याला ऊन दिसतच नाही, म्हणून तो गार.

आता उपाय. माझं मत सरळ आहे, पैसे आणि मेहनत आधी गच्चीवर घाला, खोलीत नंतर. उष्णता आत शिरल्यावर तिला बाहेर काढणं महागात पडतं, वरच्यावर अडवणं स्वस्त.

सगळ्यात आधी पांढरा रंग. गच्चीला चांगला पांढरा रंग दिला की पडलेल्या उन्हातलं ७०-८० टक्के परत जातं आणि काळपट गच्चीच्या तुलनेत पृष्ठभाग भर दुपारी २५-३० अंशांनी कमी तापू शकतो. खोलीत अर्थातच २५ अंशांचा फरक पडणार नाही, तसं कोणी सांगत असेल तर तो रंग विकतोय. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो, पण छताची धग कमी झाल्यामुळे जाणवतो त्याहून जास्त. कूल रूफचे तयार रंग मिळतात ते जास्त टिकतात. नाहीतर साधा चुना, विरवून रात्रभर ठेवलेला, फडक्यातून गाळलेला, त्यात बांधणीसाठी थोडा डिंक, आणि एकच जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात, जाड दिला की पोपडे उडतात. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा. रंगाआधी गच्ची घासून शेवाळ काढा आणि भेगा भरून घ्या, जुन्या गच्चीला भेगा असणारच. आणि हो, धूळ बसली की पांढरा रंग पांढरा राहत नाही, मग त्याचा उपयोगही तेवढाच कमी होतो, उन्हाळ्यात अधूनमधून झाडू आणि ओलं फडकं फिरवा.

खर्च करायची तयारी असेल तर इन्सुलेशन. पाणी अडवणारा थर, त्यावर दोन इंची एक्सपीएसचे (थर्मोकोलच्या जातीचा कडक फोम) बोर्ड, त्यावर फरशी किंवा कोबा असं करतात. उष्णता अडवण्यात ते दोन इंच म्हणजे जवळजवळ अडीच मीटर जाडीचं काँक्रीट, खोटं नाही, हिशोब करून बघा, एक्सपीएसमधून उष्णता जाते ती काँक्रीटच्या पन्नासाव्या भागाएवढी. वरून केलं की स्लॅबही उन्हातून वाचतो, रोज तापून प्रसरण आणि रात्री आकुंचन हे कमी होतं, त्यामुळे भेगाही कमी. वर वजन चढणार आहे म्हणून जुन्या स्लॅबचं आधी इंजिनिअरकडून बघून घ्या. आतून छताला थर्मोकोल किंवा फोम चिकटवणारे खूप जण आहेत, ते उघडं ठेवू नका हो, फोम पेट घेतो आणि जळताना विषारी धूर सोडतो, त्यावर जिप्सम बोर्ड पाहिजेच.

एवढं केल्यावर एसी लागलाच तर छोटा पुरेल.

प्रश्न : घरात रोज वाद आहे. सासूबाई म्हणतात उन्हाळ्यात खिडक्या दिवसभर उघड्या पाहिजेत, हवा खेळती राहते. मिस्टर म्हणतात सगळं बंद ठेवा. नक्की कोणाचं बरोबर?

उत्तर : दोघांचंही, वेळ वेगळी आहे. बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तेव्हा उघडायच्या आणि गरम असेल तेव्हा बंद, एवढाच नियम आहे पण आपण तो अंदाजाने पाळतो आणि अंदाज चुकतो. दोन साधे थर्मामीटर आणा, एक वरच्या खोलीत आणि एक बाहेर सावलीत टांगा (उन्हात टांगलात तर तो भलतंच सांगेल). संध्याकाळी ज्या क्षणी बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला तेव्हा सगळं उघडा, सकाळी उलटं झालं की बंद करून पडदे ओढा. सासूबाईंना आकडे दाखवले की वाद मिटतो, निदान दुसऱ्या विषयावर जातो.

पण नुसतं उघडून ठेवल्याने हवा आत येतेच असं नाही, तिला जायलाही वाट पाहिजे. जुनं घर इथे तुमच्या बाजूने आहे. छत उंच, मधे जिना, आणि बहुतेक खोल्यांना छताजवळ व्हेंटिलेटर. खालच्या मजल्यावरची सावलीच्या बाजूची खिडकी उघडा, जिन्याचं दार उघडं ठेवा आणि वरच्या मजल्यावरचे व्हेंटिलेटर किंवा खिडक्यांच्या वरच्या झडपा उघडा, गरम हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते, वारा नसला तरी. वरच्या आणि खालच्या तोंडात जितकं जास्त अंतर तितकी ओढ जास्त, म्हणून दोन मजल्यांच्या घरात हे एका खोलीपेक्षा चांगलं चालतं.

अडचण अशी की हे व्हेंटिलेटर बहुतेक घरांत कायमचे बंद झालेले असतात. जवळ जाऊन बघा, ऑइलपेंटचे पाच-सहा हात बसून झडप चौकटीला चिकटलेली असते, मधल्या खिळीला गंज, ओढायची दोरी कधीच तुटलेली, आणि वर एखादं कबुतराचं घरटं. जोर लावून ढकलू नका, तावदान फुटेल. पातळ पट्टीने किंवा पेंटरच्या पात्याने झडपेच्या चारी बाजूंनी रंगाची रेघ कापून घ्या, खिळीवर तेल सोडा, दुसऱ्या दिवशी हळूच हलवा. फारच जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, कोरडं खरवडून धूळ उडवू नका, पाणी मारून ओलं करून कापा, आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. बाहेरून जाळी लावली की कबुतरांचाही प्रश्न संपला. डासांची बारीक जाळी मात्र वारा बऱ्यापैकी अडवते, तेव्हा जाळीच्या खिडक्या जरा जास्त उघडाव्या लागतात.

पंखा असेल तर तो खिडकीत बाहेर तोंड करून लावा, वरच्या मजल्यावर, वारा ज्या बाजूने येतो तिच्या समोरच्या बाजूच्या खिडकीत. लोक आत तोंड करून लावतात. बाहेर फेकणारा एक पंखा सगळ्या घरातून हवा ओढतो. फक्त एक सावधगिरी, घरात गॅस गिझर चालू असताना जोरदार एक्झॉस्ट आणि बाकी सगळ्या खिडक्या बंद असं कधीच करू नका, गिझरचा जळका वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : पश्चिमेच्या खिडकीला जाड गडद पडदे लावलेत, दुहेरी. तरी चार वाजल्यापासून खोली तापते. काचेवर चांदीसारखी फिल्म लावून घेऊ का?

उत्तर : पडदा आतून आहे ना, मग ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर आदळतं, पडदा तापतो आणि ती उष्णता तुमच्या खोलीतच सुटते. पडद्याला खिडकीजवळ हात लावून बघा चार वाजता. गडद रंग तर अजून वाईट. मध्यम रंगाचा आणि काचेकडून पांढऱ्या अस्तराचा पडदा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी करतो, पण तीच सावली बाहेरून दिली, म्हणजे छपरी, कापडी ऑनिंग, बांबूची चिक, तर पश्चिमेच्या खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता पाऊण भागापर्यंत कमी होऊ शकते. पश्चिमेचं ऊन खाली उतरलेलं असतं, म्हणून नुसता वरचा छज्जा पुरत नाही, उभी आडोशाची गोष्ट पाहिजे. चिक खिडकीपासून वीतभर लांब टांगा म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. खालच्या टोकाला बांधायला विसरू नका, वाऱ्याने आपटून आपटून काचच फोडते.

जुन्या लाकडी झडपांच्या खिडक्या असतील, पट्ट्यापट्ट्यांच्या, तर अजिबात काढू नका! लोक त्या काढून सरकत्या काचा बसवतात आणि मग मला पत्र लिहितात. त्या झडपा बाहेरून सावली देतात आणि हवाही सोडतात. शिवाय सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते.

फिल्मबद्दल, काम करते पण खोली बारा महिने अंधारी होते, आणि जुन्या काचेला, कडा झिजलेल्या, एका बाजूला सावली एका बाजूला ऊन असेल तर फिल्ममुळे काच जास्त तापून तडकू शकते. आधी बाहेरून सावली करून बघा.

प्रश्न : आमचं घर कौलारू, खाली लाकडी फळ्यांचा माळा आणि त्याखाली आमच्या झोपायच्या खोल्या. माळ्यावर दुपारी जाता येत नाही इतकं तापतं. शेजारच्यांनी पत्रा घातलाय त्यांचं तर विचारूच नका.

उत्तर : तुमच्याकडे स्लॅबवाल्यांपेक्षा एक गोष्ट चांगली आहे, कौलं तापतात तशी निवतातही लवकर आणि फटींतून हवा जाते. तुमची खरी जागा म्हणजे तो माळा. तिथली गरम हवा बाहेर गेली पाहिजे आणि फळ्यांमधून खाली येणारी उष्णता अडली पाहिजे, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करायची.

हवा जाण्यासाठी खाली वळचणीजवळ आणि वर आढ्याजवळ किंवा त्रिकोणी भिंतीत उंचावर, दोन्हीकडे तोंडं पाहिजेत, नुसतं एकीकडे असून फार उपयोग नाही. माळ्यावरचा पसारा बऱ्याचदा नेमका वळचणीशीच रचलेला असतो, जुन्या गाद्या, ट्रंका, खोकी, तो वीतभर पुढे ओढा. तोंडांना जाळी. माळ्यावर एक्झॉस्ट फॅन लावायचा विचार असेल आणि खाली एसी असेल तर थांबा, फळ्यांच्या फटी बुजवलेल्या नसतील तर तो फॅन खालची गार हवाच ओढून बाहेर फेकतो.

उष्णता अडवायला फळ्यांवर रॉकवूल किंवा ग्लासवूलचे (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) थर, चार-सहा इंच, न दाबता. दाबलं की त्यातली हवा जाते आणि कामच संपतं. जुनं वायरिंग त्याखाली गाडू नका, कापडाच्या किंवा कडक झालेल्या रबराच्या वायरी असतील तर आधी बदलून घ्या. कौलांखाली वाशांना चकचकीत फॉइल लावता येतं, ते छान काम करतं, पण चकचकीत बाजू मोकळ्या हवेकडे पाहिजे, किमान इंचभर पोकळी. चिकटून लावलं तर फॉइल नुसताच पत्रा, उष्णता सरळ पुढे देतो. खाली तोंड करून लावा, धूळ बसत नाही.

शेजारच्यांना सांगा पत्र्यालाही पांढरा रंग आणि खाली खोटं छत, मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी. पत्रा मिनिटांत तापतो आणि मिनिटांत निवतो, त्यांची लढाई दुपारची, रात्री ते तुमच्यासारखेच झोपतात.

प्रश्न : वर दीड टनाचा एसी आहे, १२ बाय १४ची खोली, दुकानदार म्हणाला होता पुरेल. १८वर ठेवून पण रात्री बारापर्यंत गार होत नाही. छत साडेअकरा फूट आहे, फॉल्स सीलिंग करून हाइट कमी करू का? नाहीतर तो चाकांवरचा पोर्टेबल एसी जोडीला घ्यावा असं वाटतंय.

उत्तर : १८वर ठेवल्याने लवकर गार होत नाही हे आधी. साधा एसी २४वर ठेवा की १८वर, गार करण्याचा वेग तोच, फक्त थांबायचं कुठे ते बदलतं. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट उष्णता काढायची ताकद, दीड टन म्हणजे सव्वापाच. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, जुना पिवळा ६० वॅटचा दिवा असेल तर तो जवळजवळ सगळाच हीटर आहे, कॉम्प्युटर, टीव्ही सगळं धरा, तरी हे हजाराच्या आत राहतं. बाकीचं कुठून येतंय? वरून आणि फटींमधून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचा आणि गच्ची करा.

मग फटी. गार हवा जड असते, वरच्या मजल्यावरची गार हवा दाराखालून जिन्यावरून खाली वाहत जाते, तुम्ही पैसे भरताय आणि खालचा हॉल गार होतोय. दाराखाली पट्टी लावा, जिन्याच्या तोंडाशी दार नसेल तर जाड पडदा.

फॉल्स सीलिंग. नुसती उंची कमी करायला म्हणून मी सांगणार नाही. उंच छत हे जुन्या घराचं चांगलं आहे, गरम हवा तुमच्या डोक्याच्या बरीच वर राहते. तीन फूट खाली आणलंत की व्हेंटिलेटर वर अडकले, रात्री हवा जायची वाट बंद, आणि बिन-इन्सुलेशनचं जिप्सम दुपारभर तापून धग द्यायला तेवढंच जवळ. करायचंच असेल तर त्यावर रॉकवूल घाला आणि वरची पोकळी बाहेर उघडी ठेवा. रोज तासन् तास एसी लावूनच राहायचं असेल तर हिशोब थोडा बदलतो, कमी हवा गार करावी लागते, पण ते इन्सुलेशन असेल तरच.

पोर्टेबल एसीचा एक प्रकार आहे ज्याला एकच जाड नळी असते. तो खोलीतलीच हवा ओढून, तापवून, नळीतून बाहेर फेकतो. मग तेवढी हवा खोलीत कुठून तरी यायला हवी ना! कोणाकडे असेल तर चालू करून दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा, पट्टी आत ओढली जाते, म्हणजे घरातली आणि बाहेरची गरम हवा सतत आत येतेय. वर ती नळी स्वतः तापून खोलीतच ऊब सोडते. जुन्या घरात फटी भरपूर, त्यामुळे तिथे हा अजूनच वाईट. घ्यायचाच तर दोन नळ्यांचा बघा. पण दीड टन पुरत नाही तिथे अजून मशीन आणणं मला पटत नाही.

प्रश्न : कूलर वरच्या खोलीत चालेल का? मागच्या वर्षी लावला तर सगळं चिकट चिकट झालं.

उत्तर : खिडक्या बंद ठेवल्या असणार. कूलर पाणी उडवून गार करतो, एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता हवेतून काढून घेतली जाते, पण ती वाफ खोलीतच राहिली तर थोड्या वेळाने हवा अजून पाणी घेत नाही आणि तुम्ही घामेजता. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढणारा, आणि समोरची खिडकी किंवा व्हेंटिलेटर उघडा. मुळातच दमट हवेच्या ठिकाणी असाल तर कूलरच्या नादी लागू नका. आणि कूलर आणि एसी एकत्र लावू नये, एक पाणी घालतो दुसरा काढतो.

प्रश्न : गच्चीवर रोज संध्याकाळी पाणी मारतो, फरक पडतो पण पाणी खूप जातं. त्याऐवजी अख्ख्या गच्चीवर माती टाकून लॉन केलं तर? मुलगा म्हणतो करूया.

उत्तर : मुलाला थांबवा आधी. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते, म्हणजे नुसता चार इंचाचा थर घातला तरी दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो. जुन्या स्लॅबचं लोखंड आत किती गंजलंय ते वरून दिसत नाही. खालून छताला सळईच्या रेषेत भेगा, गंजाचे डाग किंवा पोपडे असतील तर कुंड्यासुद्धा मधे न ठेवता भिंतींच्या वर ठेवा. इंजिनिअरने होकार दिला आणि वॉटरप्रूफिंग नीट झालं तर हिरवी गच्ची फार सुंदर काम करते, सावली पण आणि पानांतून उडणारं पाणी पण.

पाणी मारणं बंद करा असं नाही म्हणत, पण तापलेल्या स्लॅबवर एकदम गार पाणी रोज ओतलं की भेगा वाढतात आणि तेच पाणी पुढे खाली टपकतं. त्यापेक्षा शेडनेट ताणा, गच्चीपासून सहा-सात फूट उंच, चारी बाजूंनी मोकळी. सावली ही सावलीच, ना वजन ना पाणी. ताडपत्री नको, ती थेट गच्चीवर अंथरणारे तर बघितलेत मी, ती तापते आणि खालच्यालाही तापवते.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे, तिची खोली वरच आहे आणि ती एसी लावू देत नाही, "मला पंखा पुरे" म्हणते. पंखा पुरतो का?

उत्तर : काकू, याबाबतीत आईचं ऐकू नका. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवून आपल्याला गार करतो, आणि वय झालं की घाम कमी येतो, तहानही कमी लागते, त्यामुळे "मला काही होत नाही" असं त्यांना मनापासून वाटत असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा लावू नये, तो अंगावर गरम हवाच मारतो. खोली दिवसा ३२च्या खाली आणि रात्री २४च्या खाली ठेवावी असंही त्यांचंच म्हणणं. २४ सगळ्यांना जमेल असं नाही, पण आईच्या उशाशी थर्मामीटर ठेवा म्हणजे बोलायला आकडा असेल.

सगळ्यात सोपं म्हणजे कडक उन्हाचे दिवस आईचं अंथरूण खाली आणा. जिना चढायचा त्रासही वाचेल. वर राहायचंच असेल तर अंगावर ओलं फडकं, हातापायांवर पाणी, थोडं थोडं पाणी पिणं, आणि ती घेत असलेली बीपीची, लघवीची औषधं उन्हाळ्यात तशीच ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. बोलताना गडबड व्हायला लागली, गुंगी आली, अंग तापलेलं लागलं तर वाट न बघता अँब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंग ओलं करून वारा घाला.

प्रश्न : भाड्याने राहतो, मालक गच्चीला हात लावू देत नाही. छताचा पंखा जुना आहे, मोठा जोरदार घेतला तर फरक पडेल? आम्ही बाहेर असताना पण पंखा चालू ठेवतो म्हणजे खोली तापणार नाही.

उत्तर : बाहेर जाताना बंद करा, आजच. रिकाम्या खोलीत पंखा काहीच गार करत नाही, उलट मोटर जेवढी वीज खाते तेवढी ऊब खोलीत सोडते, जुना असेल तर साधारण ७५ वॅट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो, तो घ्या, घर सोडताना काढून नेता येतो. पलंग छताच्या तापणाऱ्या भागाखालून हलवा, पश्चिमेच्या भिंतीला डोकं करून झोपत असाल तर दिशा बदला, ती भिंतही रात्रभर धग देते. खाटेवर जाड फोमची गादी असेल तर ती अंगाची ऊब धरून ठेवते, उन्हाळ्यापुरती कापसाची पातळ गादी किंवा चटई. चिक आणि शेडनेट दोरीने बांधता येतात, खिळा ठोकावा लागत नाही, आणि मालकाला एकदा विचारून तर बघा, चुन्याचा खर्च तुम्ही करताय म्हटल्यावर बरेच मालक तयार होतात, गच्ची त्यांचीच टिकते. लेखी घ्या मात्र.